सदा, तुझ्या बँडविषयी राहिलेलं एक वाक्य

सदा,

परवा तुझ्या तेराव्याचं जेवायला बसलो होतो. पहिला घास हातात होता आणि खालच्या रस्त्यानं कुणाचा तरी नवरदेव मारुतीला निघाला. पुढं बँड. ट्रंपेटवाला वरच्या सुराला पोचता पोचता घसरत होता, सावरत होता, पुन्हा घसरत होता. मी सवयीनं डावीकडं मान वळवली आणि म्हणालो, "ऐकतोयस काय, कसला वाजवतोय बघ!" डावीकडं तुझा मेहुणा बसला होता. त्यानं भाताचं पातेलं माझ्याकडं सरकवलं.

तेरावं झालं, पण माझ्या मानेला ते अजून समजलेलं नाही. दुकानात एखादं गाणं लागलं, कुणाच्या फोनची रिंग वाजली, की ती तुझ्या बाजूला वळते. तेवीस वर्षांची सवय आहे, तिला मी तरी काय सांगू?

तू मला पहिल्यांदा काय विचारलं होतंस, आठवतंय का? मी रहिमतपूरहून नुकताच मिरजेत आलो होतो, औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा राहायचो. ओळखपाळख कुणाची नाही. संध्याकाळी करायचं काय म्हणून ग्राउंडवर आलो. तू तिसऱ्या पायरीवर बसला होतास, मांडीवर ट्रंपेटची पेटी, पेटीवर भडंगाचा पुडा. मी शेजारी बसलो तर म्हणालास, "गाव कंचं?" मी म्हणालो, "रहिमतपूर." तू भडंगाचा बकाणा भरलास, मला वरपासून खालपर्यंत बघितलंस आणि म्हणालास, "सातारा जिल्हा. म्हंजे बँजोवालं."

ना नाव विचारलंस, ना नोकरी. बँजोवालं. मला राग आला. मी म्हणालो, "मग? बँजोत काय वाईट आहे?" झालं. त्या पायरीवर आपला जो वाद सुरू झाला तो तुझ्या खाटेपर्यंत चालला.

तुझ्या घरचा बँड आजोबांपासूनचा. तू, तुझे दोन चुलतभाऊ आणि गल्लीतले आठ-दहा जण. लग्नसराईत वाजवायचं, आणि बाकीचे महिने तू तंबोऱ्याच्या कारखान्यात वाळलेले भोपळे घासायचास. आणि दोन्हीपेक्षा तुला प्यारी आपली जांभळी टीम. तुझ्या डोक्यात फुटबॉल आणि वाद्य ह्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. "बॉल काय आणि ढोल काय, दोन्ही चामड्याचंच," म्हणायचास. "चामडं ताणलं की गाव गोळा हुतंय." आपल्या गोलकीपरच्या हातातून बॉल का सुटत नाही, ह्याचंही कारण तुझ्याकडं तयार. तो तुझ्याच कारखान्यात होता. "दिसभर भोपळं झेलतंय ते. एक पडला तर मालक घरी घालवतोय. तवा बॉल कसा सोडंल?"

मग तुझ्याकडं फोन आला आणि तू पायरीवर बसल्या बसल्या परदेशात गेलास. इयरफोनची एक वायर तुझ्या कानात, एक माझ्या. इंग्लंडचे गिटारवाले बँड, ब्राझीलचे ढोलवाले, कुठल्या तरी बंदरातल्या कामगारांचा ब्रास बँड. शब्द एक कळायचा नाही. "न्हाई कळत ते बरं हाय," म्हणायचास, "ट्रंपेटला तरी कुठं शब्द असत्यात?" टीव्हीवर परदेशातली मॅच लागली की तू मला आधी त्या गावाचं नाव वाचायला लावायचास, मग त्या गावात बँड कुठला हे शोधायला लावायचास, आणि ज्या गावाचा बँड भारी ती तुझी टीम. त्यामुळं तुझी टीम दरवर्षी आपटायची. मी हसायचो. तू म्हणायचास, "टीम हरंल, गड्या. गाणं कसं हरंल?"

आणि फिरून फिरून गाडी बँजोवर. मी सांगायचो, आमच्याकडच्या जत्रेत टेम्पोवर बँजो लागला की म्हातारी माणसंसुद्धा काठी बाजूला ठेवतात. तू नाक मुरडायचास. "बँजोला काय लागतंय? इज. बटण दाबलं की झालं. आमच्या वाद्याला श्वास लागतोय. ज्याला श्वास लागत न्हाई ते वाद्य न्हवं, मिक्सर हाय." मी चिडलो की तुला आनंद व्हायचा. तुला आनंद होतो म्हणून मी जास्त चिडायचो.

आता मला ते लिहायचं आहे जे आपण अकरा वर्षं बोललो नाही.

तू तर जाणतोसच, पण मला ते एकदा सगळं, सुरुवातीपासून, माझ्या हातानं लिहू दे. कधी काळी दोन टीमच्या बँडांनी गोलमागं उभं राहून एकमेकांवर वाजवलं होतं आणि त्यातून डोकी फुटली होती. तेव्हापासून आपल्या ग्राउंडचा नियम, मॅच संपेपर्यंत वाद्य आत न्यायचं नाही. बँड बाहेर, भिंतीपलीकडं रस्त्यावर. तिथून काही दिसत नाही, आणि गर्दीच्या गोंगाटात नीट ऐकूही येत नाही. म्हणून एक माणूस भिंतीवर बसायचा, हातात टॉवेल घेऊन. शेवटची शिट्टी झाली आणि आपण जिंकलो, की त्यानं टॉवेल फिरवायचा. टॉवेल फिरला की बँड सुरू. ते काम तू मला मिळवून दिलंस. रहिमतपूरच्या माणसाला भिंतीवर कशाला, असं कमिटीतले दोघं म्हणाले, तर तू म्हणालास, "त्येला बसवा. बँजोवाला असला तरी नजर तिखट हाय."

माझा स्वतःचा लाल टॉवेल होता. आईनं गावाहून येताना दिलेला. मला त्या भिंतीवर बसायचा काय अभिमान होता म्हणून सांगू! खाली एका बाजूला मैदान, दुसऱ्या बाजूला तू, ट्रंपेट छातीशी धरून माझ्याकडं बघत उभा.

ती फायनल. आपण एक गोलनं पुढं. दोन मिनिटं राहिली असतील. समोर पिवळी टीम, आपल्या हाफमध्ये नुसता धुरळा. आणि पंचांची शिट्टी वाजली. लांब वाजली, सदा, मी आजही शपथेवर सांगतो, लांब वाजली. आपल्या बाजूचे लोक उठले. मी टॉवेल फिरवला.

ती फाउलची शिट्टी होती.

तू सुरू केलंस. काय सुरू केलंस! पहिलाच सूर भिंतीवरून आत आला आणि आपल्या पोरांनी तो ऐकला. आपलाच बँड तो, त्यांना काय शंका असणार? दोघांनी हात वर केले, एक तर गुडघ्यावर बसला. पिवळ्यांनी बॉल ठेवला आणि मारला. गोलकीपर बँडच्या आवाजाकडं मान वळवून हसत होता. मग टायब्रेकर, आणि टायब्रेकरला आपण हरलो.

मी भिंतीवरून तुझ्या बाजूला उतरलो. गेटमधून माणसं धावत आली, लाल डोळ्यांची, हातात मिळेल ते घेऊन. "कुणी सुरू केलं? कुणी सांगितलं?" त्या वेळी तू माझ्या हातातला टॉवेल काढून घेतलास. अगदी सहज, घाम पुसायला घ्यावा तसा. तोंड पुसलंस आणि तो स्वतःच्या गळ्यात टाकलास. आणि म्हणालास, "मी. मला वाटलं शिट्टी झाली. मीच सुरू केलं."

मी तिथंच होतो. तुझ्यापासून हातभर अंतरावर. मी बोललो नाही.

तुला ढकललं, शिव्या दिल्या, तुझ्या चुलतभावाचा ढोल फाडला. मी बोललो नाही. उलट कुणीतरी माझ्याकडं बघून म्हणालं, "बँडवाल्यांनी घाण केली," तेव्हा मी मान हलवली. सदा, मी मान हलवली. ती तू बघितलीस की नाही, हे मी तुला कधी विचारू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी ग्राउंडवर यायचं नाही असं ठरवलं होतं. गाव सोडायचाही विचार केला होता. रहिमतपूरला परत जाऊन एखाद्या दुकानात लागू. तर संध्याकाळी तू दुकानाच्या दारात उभा. "डोकं दुखतंय, गोळी दे." गोळी घेतलीस आणि म्हणालास, "चल पायरीवर. एक नवा बँड घावलाय. लय भारी हाय." त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. तुझ्या कपाळावर खोक होती आणि तू मला वायर दिलीस कानात घालायला.

त्यानंतर कमिटीनं तुझा बँड बंद केला. पुढच्या हंगामात बँजो पार्टी आली. तीही आमच्याकडची, उंब्रजजवळची. मी काय केलं? मी तुला चिडवलं. "बघ, शेवटी कमिटीला अक्कल आली. आता सातारा जिल्ह्याचा आवाज घुमणार मिरजेत." तू हसलास. म्हणालास, "घुमू दे. इजंचं बिल कमिटी भरतीया." आणि तिसऱ्या पायरीवर बसून प्रत्येक मॅचनंतर तो बँजो ऐकलास. अकरा वर्षं. मॅच जिंकली की सगळे नाचायला आत जायचे आणि तू पायरीवर बसून राहायचास, उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर हलायची, ट्रंपेटच्या कळा दाबल्यासारखी. मला दिसायचं ते. मी मैदानाकडं तोंड करायचो.

ग्राउंडवरचा बँड गेला तशी गल्लीतली लग्नंही गेली. लोक म्हणायचे, हेच ते, मॅच घालवलेले. एक चुलतभाऊ टेम्पो चालवायला लागला, एक विट्याच्या कुणाबरोबर सोनं गाळायच्या कामाला लांब निघून गेला. तुझी ट्रंपेट कपाटावर गेली, माझ्या लाल टॉवेलात गुंडाळून. मी तुझ्या घरी शंभरदा आलो असेन. प्रत्येक वेळी शैलावहिनी चहा आणायच्या, आणि चहा संपेपर्यंत मी कपाटाकडं न बघण्याचं काम करायचो.

मग तुला श्वास लागायला लागला. मी दुकानातून औषधं आणायचो, डॉक्टरांचं अक्षर वाचून मला आधीच कळायचं. तुला सांगायचो, थंडीचं आहे, उन्हाळ्यात बरं वाटेल. शेवटी घरीच ऑक्सिजनचं मशीन आणलं. वहिनींनी बटण दाबलं, मशीन घुरघुरलं, तू नळी नाकाला लावून घेतलीस आणि माझ्याकडं बघून डोळा मारलास.

"आता म्या बी इजंवर. बँजो झालो बघ."

वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी हसलो, कारण तुला ते हवं होतं. मग घरी जाऊन मोरीत नळ सोडून रडलो.

शेवटच्या गुरुवारी तू बरा वाटत होतास. रविवारी मॅच होती. कोण खेळेल, कोण बसेल हे सगळं झालं. नळीमुळं तुझं बोलणं तुटक येत होतं. मध्येच थांबलास आणि म्हणालास, "एकदा म्हण की रं."

"काय म्हणू?"

"माझा बँड भारी हुता म्हण. बँजोपरास भारी. एकदा म्हण."

चिडवल्यासारखं म्हणालास. पण डोळे चिडवणारे नव्हते. ते वाक्य माझ्या घशापर्यंत आलं होतं. पण मला ठाऊक होतं, ते एक बाहेर पडलं की त्याच्यामागून सगळंच पडणार. शिट्टी, टॉवेल, ती हलवलेली मान. आणि तुला तेवढं ऐकायचा दम नव्हता, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर मलाच दम नव्हता. म्हणून मी म्हणालो, "असं फुकट नाही म्हणणार. रविवारी मॅच जिंकू दे, मग म्हणतो."

तू म्हणालास, "बरं. रविवारी."

शनिवारी सकाळी वहिनींचा फोन आला.

त्या रविवारची मॅच तुझ्यासाठी पुढं ढकलली, हे तुला सांगायचं राहिलं. काल, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, सगळे ग्राउंडवर जमले, दोन मिनिटं उभे राहिले. कुणी बोललं, कुणी नाही. मग मी उठलो. ठरवून गेलो होतो. ज्यांनी तुला ढकललं होतं त्यातले बरेच समोर होते, आता पोटं सुटलेले, केस पिकलेले. मी म्हणालो, "त्या फायनलला सदानं चूक केली नव्हती. भिंतीवर मी होतो. टॉवेल मी फिरवला होता."

मला वाटलं होतं, निदान कुणीतरी एक शिवी देईल. त्याऐवजी जयवंतअण्णा, त्या वेळचा आपला कॅप्टन, उठला आणि माझ्या दंडाला धरून मला पायरीपाशी घेऊन गेला.

"बस," म्हणाला. "आमाला ठाव हाय ते."

"काय ठाव आहे?"

"टॉवेल. बँड वाजला तवा मी वळून भिंतीकडं बघितलं. लाल टॉवेल फिरतोय, तू हसतोयस. मॅच झाल्यावर तुलाच शोधत आलो हुतो मी, तुझं तंगडं मोडाय. तर ह्यो गळ्यात टॉवेल घालून हुबा. म्हणतोय, मी सुरू केलं. मी म्हणलं, सदा, खोटं बोलू नको. तर त्यानं मला बाजूला नेलं आन हातच धरला माझा. म्हणला, अण्णा, त्याचं नाव काढू नका. परगावचं माणूस हाय, लाजंनं गाव सोडून जाईल. मग मी गप्पा कुणासंगं मारू?"

अण्णा पुढं बोलत होता.

"पुढच्या साली आमी कमिटीतली तिघंजण त्याच्या घरी गेलो. म्हणलं, झालं गेलं, तुझा बँड घिऊन ये परत. तर न्हाई म्हणला. बँड आला की लोक त्या दिसाचं काढत्याल, आन काढत काढत भिंतीवरल्या माणसापातूर जात्याल. त्यापरास बँजो आणा. उंब्रजकडची पार्टी त्यानंच ठरवून दिली. म्हणला, ती आणा, त्याला आवडती."

सदा, हे तू काय केलंस?

अकरा वर्षं मी समजत होतो की मी एक गोष्ट लपवली आहे. आणि सगळे मिळून ती माझ्यासाठी सांभाळत होते. तुझा बँड कमिटीनं काढला असं म्हणून मी कमिटीला मनात शिव्या द्यायचो, आणि तोंडानं तुला चिडवायचो, आणि तो बँजो तू स्वतः आणला होतास. मला आवडतो म्हणून. आजोबांचा बँड ठेवलास कपाटावर आणि मिक्सर ऐकत बसलास अकरा वर्षं, कारण पायरीवर शेजारी भांडायला कुणीतरी हवं होतं. असला कसला सौदा रे? मी काय एवढा मोठा होतो? मी त्या दिवशी मान हलवली होती, सदा.

मला तुझा राग आला आहे. हे कुणाला सांगू? लोक म्हणतात, देवमाणूस होता. होतास. पण एकदा, एकदा तरी मला बोलायचं होतंस. मला शिवी द्यायची होतीस. मी तुझे पाय धरले असते, आपण दोघं रडलो असतो, आणि दुसऱ्या दिवशी बँड परत आला असता. तू मला सांभाळलंस आणि मला सुटूही दिलं नाहीस. आणि मग वाटतं, दोष तुला कसला देतोय? तू तर गुरुवारी दार उघडलं होतंस. "एकदा म्हण की रं." त्याहून सोपं करून कोण देणार होतं?

संध्याकाळी वहिनींकडं गेलो. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला ठाव हाय, भावजी." मग स्टुलावर चढून कपाटावरून ट्रंपेट काढली, टॉवेल सोडला, झटकला आणि घडी घालून माझ्या हातात दिला. "तुमचा हाय. ते म्हणायचे, मागितला तर द्यायचा. तुमी कवा मागितलाच न्हाई."

आज ती पुढं ढकललेली मॅच झाली. गेलो होतो. तिसरी पायरी, तीच जागा. पुडा एकच घेतला, तुझ्याशिवाय भडंग तिखट लागतं. आपण दोन गोलनं जिंकलो. दुसरा गोल तू बघायला हवा होतास, उजवीकडून आलेला बॉल पोरानं छातीवर घेतला आणि खाली पडू दिलाच नाही.

शेवटची शिट्टी झाली. मी लगेच हललो नाही. पंचांनी बॉल उचलून काखेत घेतला, दोन्ही टीमनी हात मिळवले, तेवढं सगळं होईपर्यंत थांबलो. मग टॉवेल गळ्यात घातला आणि उभा राहिलो. ठरल्याप्रमाणं, रविवार होता आणि आपण जिंकलो होतो. मी मोठ्यानं, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "सदा, तुझा बँड भारी होता. बँजोपेक्षा भारी होता."

पण तोवर टेम्पो गेटमधून आत आला होता, बँजो सुरू झाला होता, आणि माझं मलाही काही ऐकू आलं नाही.